पहिला रॉक अल्बम: ड्रम्स स्टुडिओत, बाकी घरी. नियोजन कसं करावं?

खर्जातला

नमस्कार मंडळी. ड्रम्स, बेस आणि दोन गिटार असा चौघांचा बँड आहे. गाणारा दुसरी गिटारही वाजवतो. ९ गाणी तयार आहेत, एकूण साधारण ३८ मिनिटं. स्टुडिओ फक्त दोन दिवस मिळणार आहे आणि तो ड्रम्ससाठी वापरायचा विचार आहे. बेस, गिटार आणि गायन घरी, दोन इनपुटच्या इंटरफेसवर (माइक आणि गिटार संगणकाला जोडणारी पेटी). मिक्स बाहेरच्या इंजिनिअरकडे जाईल.

अडलेले मुद्दे असे:

१. क्लिकवर (हेडफोनमधल्या मेट्रोनोमच्या ठोक्यावर) वाजवावं का? तीन गाण्यांत कोरसला गती थोडी वाढते आणि ती तशीच हवी आहे.
२. दोन दिवसांत ९ गाण्यांचे ड्रम्स होतात का?
३. घरी अ‍ॅम्प मोठ्या आवाजात लावता येत नाही. मग गिटारचं काय करायचं?
४. मिक्सला फायली कशा द्यायच्या, आणि मास्टर (प्रकाशनाची अंतिम प्रत) 'किती लाउड' मागायचा?

---

ठेका_चुकू_नये

दोन दिवसांत ९ गाणी होतात, पण अट एकच. स्टुडिओत पाऊल टाकाल तेव्हा गाण्यात ठरवायचं काही उरलेलं नसावं. लेड झेपेलिनचा पहिला अल्बम १९६८ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत सुमारे ३६ तासांत झाला, असं जिमी पेज सांगत आले आहेत. ते जमलं, कारण त्याआधीच्या स्कँडिनेव्हिया दौऱ्यात त्यातली बरीच गाणी रोज वाजत होती. ब्लॅक सबाथनी १६ ऑक्टोबर १९६९ या एका दिवसात आपला पहिला अल्बम रेकॉर्ड केला, तोही असाच मंचावर घोटलेला. वेळ वाचतो तो तालमीत, कन्सोलसमोर नाही.

म्हणून आधी क्लिकचं बघू. तालमीत प्रत्येक गाणं क्लिकशिवाय फोनवर रेकॉर्ड करा आणि प्रत्येक भागाची गती मोजा. अंतरा मिनिटाला ११८ ठोके आणि कोरस १२१ येत असेल आणि ते चांगलं वाटत असेल, तर टेम्पो मॅपमध्ये (क्लिकच्या गतीचा भागागणिक आराखडा) तेच आकडे भरा. एका ठोक्यावर उडी नको. कोरसच्या आधीच्या मापात ११८ वरून १२१ वर चढवत न्या. सुरुवातीला दोन मापांचा काउंट-इन ठेवा. मग त्या मॅपवर मार्गदर्शक गिटार आणि गाणं घरीच रेकॉर्ड करून ठेवा. ड्रमरनी तीन-चार आठवडे याच ट्रॅकवर सराव करायचा. नवा क्लिक थेट स्टुडिओत ऐकला की ड्रमर गाणं सोडून क्लिकचा पाठलाग करतो, आणि ते रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतं.

क्लिकचा आवाज लाकडी ठोक्यासारखा कोरडा आणि आखूड ठेवा. लांबणारा बीप झांजांच्या गजरात हरवतो, मग ड्रमर आवाज वाढवतो, आणि हेडफोनमधून गळणारा क्लिक ओव्हरहेडमध्ये (ड्रम्सच्या वर लावलेल्या माइकमध्ये) शिरतो. हेडफोन बंद प्रकारचेच हवेत. शेवटची क्रॅश दहा-बारा सेकंद घुमते आणि तिच्या मागे क्लिक हमखास ऐकू येतो, म्हणून शेवटच्या ठोक्यानंतर क्लिक बंद होईल असं सेशनमध्येच करून ठेवा. ती झांज पूर्ण विरेपर्यंत कोणीही हलायचं नाही.

दोन दिवसांचं गणित: मांडणी, माइक आणि आवाज जुळवण्यात पहिल्या दिवसाचे चार-पाच तास जातात, आणि ते जाऊ द्या. मग त्या दिवशी तीन गाणी, दुसऱ्या दिवशी सहा. प्रत्येकाचे तीन-चार पूर्ण टेक. पहिलं गाणं मध्यम गतीचं आणि हाताला बसलेलं घ्या. सगळ्यात दमवणारं गाणं जेवणाआधी, कारण संध्याकाळी डबल किक ढिली पडते. एकाच स्नेअरची आणि एकाच ट्यूनिंगची गाणी सलग घ्या.

ड्रमची पुडं आदल्या दिवशी बदला, म्हणजे रात्रभरात ती बसतात. स्नेअरचं वरचं पुड जास्तीचं एक जवळ ठेवा, जोरात वाजवणाऱ्याच्या हाताखाली ते चार-पाच गाण्यांत मंद व्हायला लागतं. टॉम ट्यून करताना प्रत्येक बोल्टजवळ कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत हलकं वाजवून सूर सारखा आहे का ते ऐका. एक बोल्ट ढिला असेल तर टॉमच्या शेपटीत सूर डुलतो आणि मिक्समध्ये ते कशानेही जात नाही. किकच्या पेडलला तेल, हाय-हॅटच्या क्लचचा स्क्रू, स्टुलाचा आवाज, हे घरीच बघून या. करकर ओव्हरहेडमध्ये येतेच.

माइकबद्दल इंजिनिअर बघेलच, पण तीन गोष्टी तुम्हीही तपासा. दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून सारख्या अंतरावर हवेत, ते दोरीने मोजा. नाहीतर स्नेअर एका बाजूला कलते आणि तिचा गाभा पातळ होतो. स्नेअरच्या खालच्या माइकची पोलॅरिटी उलटी करून दोन्ही एकत्र ऐका, ज्यात खालचे स्वर भरीव येतात ती बाजू ठेवा. आणि ओव्हरहेड छताच्या फार जवळ नकोत. माइक छतापासून ४० सेंटिमीटर खाली असेल, तर छतावरून परतणारा आवाज सुमारे ८० सेंटिमीटर जास्त फिरून येतो आणि २१४ हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो. स्नेअरचा भरीवपणा नेमका तिथेच असतो. छत बुटकं असेल तर माइकच्या वर जाड शोषक पॅनल टांगायला सांगा.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी अर्धा तास राखून ठेवा: किक, स्नेअर, प्रत्येक टॉम आणि प्रत्येक झांज, एकेक सुटा ठोका, चार-पाच वेगवेगळ्या जोरांत, पूर्ण विरू देऊन. एखादा टॉम फसला किंवा क्रॅश कमी पडली तर मिक्समध्ये तुमच्याच सेटचा ठोका लावता येतो.

---

चौथी_तार

वरच्या प्रतिसादात एक भर. ड्रम्स टिपताना बेसवाल्याला शेजारच्या खोलीत बसवून सोबत वाजवू द्या, डीआयवर (अ‍ॅम्पशिवाय, थेट केबलने). नुसत्या मार्गदर्शक ट्रॅकवर वाजवणारा ड्रमर जोर राखून वाजवतो. समोर माणूस असला की हात मोकळा होतो. बेस नंतर पुन्हा वाजवावा लागला तरी चालेल.

आता घरचं काम. आधी बेस, मग गिटार. गिटार बेसच्या सुरावर बसते. हा क्रम उलटा झाला की शेवटी कोरस बेसुरा वाटतो आणि दोष कोणाचा हे कळत नाही. तारा नव्या हव्यात आणि इंटोनेशन सेट केलेलं हवं: बाराव्या पट्टीवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक जुळला पाहिजे. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. ट्यूनरवर तार हळुवार छेडून जुळवायची आणि गाण्यात कडाडून वाजवायची, ही फार सर्रास घडणारी चूक आहे. जोरात छेडलेली तार क्षणभर चढते, विशेषतः ड्रॉप ट्यूनिंगमध्ये. गाण्यात जितक्या जोरात वाजवणार तितक्याच जोरात छेडून जुळवा, आणि प्रत्येक टेकच्या आधी जुळवा. प्रत्येक गाण्याच्या आधी नाही, प्रत्येक टेकच्या आधी.

अ‍ॅम्प लावता येत नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नका. बॉस्टनचा १९७६ मधला पहिला अल्बम टॉम शोल्झ यांनी बराचसा घराच्या तळघरात रेकॉर्ड केला होता. गिटार सरळ इंटरफेसच्या हाय-झेड इनपुटमध्ये लावा. साध्या लाइन इनपुटमध्ये लावलीत तर पिकअपवर भार येतो आणि वरचे स्वर मरतात, हाय-झेड इनपुट साधारण १ मेगाओमचा असतो तो याचसाठी. पातळी अशी ठेवा की सगळ्यात जोरकस कॉर्डला शिखर उणे १० डीबीच्या आसपास राहील. ऐकायला अ‍ॅम्प सिम्युलेटर, पण रेकॉर्ड कोराच सिग्नल. हा सिग्नल नंतर रीअ‍ॅम्प बॉक्समधून खऱ्या अ‍ॅम्पला देता येतो. एखाद्या दिवशी मोठा आवाज चालेल अशी जागा मिळाली की सगळ्या गाण्यांच्या गिटार एका बैठकीत होतात. बॉक्स मधे हवाच, इंटरफेसचा लाइन आउटपुट थेट अ‍ॅम्पला दिला तर पातळी आणि इंपिडन्स दोन्ही जुळत नाहीत आणि गुणगुण येते ती वेगळीच.

रीअ‍ॅम्प करताना एसएम५७ सारखा एक माइक पुरतो. स्पीकरच्या मधली घुमटी जिथे संपते तिथे, जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर. आवाज बोचरा वाटला तर इक्वलायझरला हात लावण्याआधी माइक एक-दीड सेंटिमीटर कडेकडे सरकवा. तेवढ्यानं पुरेसं बदलतं.

गेन मंचावरच्यापेक्षा कमी ठेवा, बराच कमी. डाव्या-उजव्या बाजूला दोनदा वाजवलेली रिदम एकत्र आली की डिस्टॉर्शन आपोआप दाट वाटतं. पूर्ण गेनवर चार ट्रॅक चढवले की कॉर्डमधले सूर विरघळतात आणि उरते ती नुसती खरखर. आणि दोनदा म्हणजे खरोखर दोनदा वाजवा. एकच टेक कॉपी करून दुसऱ्या बाजूला ठेवला तर तो मधोमधच ऐकू येतो, आणि काही मिलिसेकंद सरकवला तर मोनोत पोकळ होतो. दुसऱ्या बाजूला पिकअप किंवा गिटार बदला.

वाजवताना इंटरफेसचा बफर (आवाज पुढे देण्याआधी साठवायचा तुकडा) ६४ किंवा १२८ सॅम्पल ठेवा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे एका दिशेने २.७ मिलिसेकंद, जाऊन-येऊन आणि रूपांतर धरून सात-आठ होतात, तेवढं चालतं. ५१२ वर ठेवलंत तर उशीर हाताला जाणवतो आणि वाजवणारा नकळत घाई करतो.

---

खर्जातला

खूप उपयोगी, दोघांचेही आभार. दोन उपप्रश्न. ड्रमर म्हणतो की चुका नंतर ग्रिडवर (संगणकातल्या तालाच्या रेघांवर) ओढून नीट करता येतील, त्यामुळे दोनच टेक पुरेत. हे कितपत खरं? आणि गायनासाठी कपड्यांचं कपाट वापरावं असं बऱ्याच ठिकाणी वाचलं, ते बरोबर आहे का?

---

फेडर_खाली

ग्रिडबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्या भरवशावर टेक कमी करू नका. ड्रम्स १२-१४ माइकवर असतात आणि स्नेअर प्रत्येक माइकमध्ये असते. एक ठोका सरकवायचा तर सगळे ट्रॅक गटात बांधून एकत्र कापावे लागतात. एकटी स्नेअर हलवलीत तर ओव्हरहेडमधली जुनी जागीच राहते, दोन ठोके ऐकू येतात किंवा फेज बिघडून आवाज पातळ होतो. काप नेहमी ठोक्याच्या किंचित आधी आणि ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरताना दुसरा चढवणं). झांज घुमत असताना मधेच कापलं की तिची शेपूट तुटल्यासारखी वाटते, आणि रॉकमध्ये झांज जवळपास सतत घुमत असते. म्हणूनच चार पूर्ण टेक असले की चांगले: अख्खा अंतरा दुसऱ्या टेकमधून उचलता येतो. त्यानंतरही काही खटकलं तर मापाची पहिली किक तेवढी जागेवर आणा, मधले ठोके तसेच राहू द्या.

साठवणीची तयारीही करा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका मोनो ट्रॅकला मिनिटाला ८.६४ एमबी लागतात. १४ माइक, ३८ मिनिटं, चार टेक: साधारण १८ जीबी. दोन वेगळ्या ड्राइव्ह घेऊन जा आणि स्टुडिओतून निघण्याआधी दोन्हीवर प्रत उघडून बघा. नुसती कॉपी झाल्याचा संदेश पुरेसा नाही.

---

षड्जपंचम

कपाटाबद्दल: टांगलेले कपडे वरचे स्वर शोषतात, पण ३०० हर्ट्झच्या खाली त्यांचा फारसा उपयोग नाही. लहान बंदिस्त जागेत तोच पट्टा साचतो. निष्पन्न होणारा आवाज मंद आणि खोक्यात बोलल्यासारखा असतो, आणि तो नंतर मोकळा करता येत नाही. त्याऐवजी घरातली सगळ्यात मोठी खोली घ्या. भिंतीपासून दूर पण अगदी मध्यावर नाही असं उभं राहा आणि गायकाच्या पाठीमागे जाड रजया टांगा. कार्डिऑइड माइकला पुढचं ऐकू येतं, म्हणजे गायकाच्या पाठीमागची भिंत. बरेच जण माइकच्या मागे फोम लावतात आणि पाठीमागची भिंत उघडी सोडतात.

तोंड माइकपासून १५ ते २० सेंटिमीटरवर, मधे पॉप फिल्टर. गायक जवळ आला की खर्ज फुगतो, म्हणून अंतर्‍यात एक आणि कोरसमध्ये दुसरं अंतर असं टेकागणिक बदलू देऊ नका. पायाखाली चिकटपट्टीची खूण करा. हेडफोनमध्ये वाद्यं फार मोठी असतील तर सूर घसरतो. आधी गिटार कमी करा, बेस आणि किक ठेवा. एक कान उघडा ठेवायची सवय असेल तर त्या बाजूचा आवाज बंद करा, नाहीतर क्लिक माइकमध्ये जातो.

तीन ते पाच पूर्ण टेक घ्या आणि मग ओळीओळीने निवडा, पण शब्दाशब्दाने नको. श्वास पुसू नका. रॉक गायनात ओळीआधीचा श्वास निम्मा जोर आणतो. दिवसाला दोनच गाणी, आणि ओरडायचं गाणं सगळ्यात शेवटी. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी बीटल्सनी पहिल्या अल्बमची १० गाणी एका दिवसात गायली तेव्हा 'ट्विस्ट अँड शाउट' शेवटी ठेवलं होतं, कारण त्यानंतर लेननच्या गळ्यात काही उरणार नव्हतं.

मागच्या आवाजांसाठी एक युक्ती: ओळीच्या शेवटचा 'स', 'त', 'ट' फक्त मुख्य गायकानं उच्चारायचा, बाकीच्यांनी गिळायचा. चार 'स' पुढेमागे पडले की फसफस होते आणि ती साफ करण्यात तास जातात.

---

फेडर_खाली

चौथ्या प्रश्नाचं राहिलं होतं.

मिक्सला देताना प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्यापासून सुरू होणारी एक सलग फाईल हवी. वाद्य चौथ्या मिनिटाला येत असलं तरी शून्यापासूनच. २४ बिट वेव्ह, रेकॉर्ड केलं त्याच सॅम्पल रेटला. मोनो वाद्य मोनोच ठेवा, विनाकारण स्टीरिओ नको. नावात गाण्याचा क्रमांक, वाद्य, बाजू एवढं पुरे. 'फायनल नवीन २' अशी नावं आली की इंजिनिअरचा पहिला दिवस शोधण्यात जातो. इफेक्ट बंद करून द्या. एखादा डिले वाजवण्याचाच भाग असेल तर कोरा आणि इफेक्टसह असे दोन्ही द्या. सोबत टेम्पो मॅप, गाण्याचे शब्द आणि तुमचा स्वतःचा कच्चा मिक्स. कच्चा मिक्स फार महत्त्वाचा आहे, कोणती गिटार पुढे हवी हे त्यातूनच कळतं.

नऊही गाणी एकदम सुरू करू नका. बँडचा आवाज सगळ्यात पूर्ण दिसतो असं एक गाणं आधी शेवटपर्यंत नेऊन मान्य करा, मग त्याच सेटिंगवरून बाकीची. सूचना चौघांच्या मिळून एकाच यादीत, मिनिट-सेकंदासह. 'गिटार अजून दमदार' यातून काही कळत नाही, '१:४२ ला डावी रिदम गाण्याला झाकते' यातून कळतं. दुसऱ्या अल्बमशी तुलना करताना दोन्हीचा आवाज कानाला सारखा करून घ्या. एक डीबी मोठं असलेलं नेहमीच चांगलं वाटतं.

मास्टरला पाठवायच्या मिक्सवर लिमिटर (शिखरं दाबून आवाज मोठा करणारं साधन) नको. सवयीनं लावून ऐकत असाल तर लिमिटरसह आणि लिमिटरशिवाय अशा दोन प्रती द्या. लाउडनेसबद्दल: स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं एकक) आणि अ‍ॅपल म्युझिक उणे १६ ला आवाज समान करतं, पण ते फक्त वाजवतानाचं समायोजन आहे. तेवढाच मास्टर बनवा असा त्याचा अर्थ नाही. रॉकचे मास्टर उणे ८ ते उणे १० च्या दरम्यान असणं सर्रास आहे. माझ्या मते पहिल्या अल्बमला उणे १० च्या आसपास थांबावं. त्यापुढे ढकललं की स्नेअरचा फटका आधी मरतो, आणि सेवेनं आवाज उतरवल्यावर मिळवलेलं काहीच उरत नाही. ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर) उणे १ डीबी ठेवायला सांगा, कारण एमपीथ्रीसारख्या रूपांतरात शिखरं वर सरकतात.

मिक्स मान्य झाला की त्याच बैठकीत गायनाशिवायची प्रत आणि गायन एक डीबी वर असलेली प्रत काढून घ्या. सहा महिन्यांनी सेशन उघडलं की एखादा प्लगइन बदललेला असतो.

---

मुखपृष्ठ

प्रकाशनाचं थोडक्यात. गाण्यांचा क्रम मास्टरिंगच्या आधी ठरवा, गाण्यांमधली शांतता आणि परस्परांची पातळी त्यावरच बेतते. विनाइल रेकॉर्ड छापायचा विचार असेल तर ३८ मिनिटं उत्तम आहेत, एका बाजूला १९. पण प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं शांत ठेवा. १२ इंची तबकडीवर सुई बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर धावते आणि आतल्या टोकाला जेमतेम २१, त्यामुळे तिथे झांजा आणि 'स' फाटतात. रेकॉर्डसाठी मास्टर वेगळा मागा, त्यात खालचे स्वर मध्यभागी एकत्र आणावे लागतात.

प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगची आंतरराष्ट्रीय ओळख) लागतो, गायनाशिवायच्या प्रतीला वेगळा. अल्बमला एक बारकोड क्रमांक. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल चौरस. वितरकाकडे सगळं तीन-चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी, आणि तोवर ते त्यांच्या यंत्रणेत पोचलेलं हवं.

आणि रचनेचे वाटे प्रत्येक गाण्यागणिक लिहून चौघांच्या सह्या घ्या, बेरीज १०० झाली पाहिजे. रचनेचा हक्क आणि रेकॉर्डिंगचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन वेगळे तक्ते करा. बाहेरच्या कोणी कीबोर्ड किंवा आवाज दिला असेल तर त्याचीही लेखी परवानगी. हे मिक्स सुरू होण्याआधी करा, तोवर सगळ्यांना कोणी काय रचलं ते नीट आठवत असतं.

---

खर्जातला

सगळ्यांचे मनापासून आभार. टेम्पो मॅप आणि मार्गदर्शक ट्रॅक यांना आजपासून सुरुवात करतो. बेसवाल्याला दोन्ही दिवस सोबत नेणार. हेडफोनचा दुसरा फीड लागेल का, की एकाच मिक्सवर दोघांचं भागेल?

---

ठेका_चुकू_नये

वेगळाच फीड मागा. ड्रमरला क्लिक मोठा आणि बेस मध्यम लागतो, बेसवाल्याला किक आणि हाय-हॅट जास्त आणि क्लिक जेमतेम. एकाच मिक्सवर दोघं असले की बेसवाला क्लिकवर वाजवतो, ड्रमरवर नाही, आणि मग त्याला सोबत नेऊन उपयोग काय. स्टुडिओत किती स्वतंत्र हेडफोन मिक्स मिळतात ते आधीच विचारून ठेवा. एकच असेल तर लहान हेडफोन अ‍ॅम्प आणि लांब केबल सोबत न्या.